धोटा, चाळ आणि कोन : गिरणी कामगार पुस्तकांत कसा आला

पनवेलजवळच्या कोन गावात, मुंबई–पुणे रस्त्याच्या आसपास, उंच इमारतींचा एक समूह उभा आहे. डिसेंबर २०१६ मध्ये म्हाडाने सोडत काढली आणि त्यातील सुमारे २,४०० घरे मुंबईच्या बंद पडलेल्या गिरण्यांमधील कामगारांच्या व त्यांच्या वारसांच्या नावे लागली. घराची किंमत ६ लाख रुपये. परळ–लालबागपासूनचे अंतर पन्नासेक किलोमीटर.

गिरणगावातला माणूस पनवेलपर्यंत कसा येऊन पोहोचला, याचा आर्थिक इतिहास पुष्कळांनी सांगितला आहे. या धाग्याचा विषय थोडा निराळा आहे. हा माणूस पुस्तकांत कसा पोहोचला? इंग्रजी कादंबरीने त्याच्यात काय पाहिले, मराठीने काय पाहिले, आणि तो स्वतः लिहू लागला तेव्हा काय बदलले?

आरंभ इंग्लंडपासून करावा लागतो, कारण गिरणीही तिथूनच आली आणि कामगाराची कादंबरीही.

एलिझाबेथ गॅस्केल यांची ‘मेरी बार्टन’ १८४८ मध्ये आली. कथा मँचेस्टरच्या कापडगिरण्यांची. डिकन्सची ‘हार्ड टाइम्स’ १८५४ ची. योगायोग असा की त्याच १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली. ताडदेवची ती गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. म्हणजे मुंबईत पहिला भोंगा वाजण्यापूर्वीच इंग्रजी साहित्यात कामगाराचे चित्र तयार होते.

मात्र ते चित्र बाहेरून काढलेले होते. गॅस्केल या धर्मोपदेशकाच्या पत्नी. त्यांची करुणा खरी होती, निरीक्षण बारीक होते. पण त्या कामगाराच्या घरी पाहुण्या म्हणून जात होत्या. रंगारी म्हणून घरे रंगवणाऱ्या रॉबर्ट ट्रेसेल याने लिहिलेली कादंबरी ‘द रॅगेड ट्राउझर्ड फिलँथ्रॉपिस्ट्स’ छापली गेली ती १९१४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. साल्फर्डच्या कामगारवस्तीत वाढलेल्या वॉल्टर ग्रीनवुड याची ‘लव्ह ऑन द डोल’ १९३३ ची. पाहुण्याच्या लेखणीपासून घरच्या माणसाच्या लेखणीपर्यंत यायला इंग्रजीला साठ-सत्तर वर्षे लागली. हा हिशेब लक्षात ठेवावा. पुढे मराठीशी ताडून पाहता येईल.

आता मुंबई.

मुंबईचा कामगार इंग्रजी कादंबरीत ठळकपणे आला तो १९३६ मध्ये, मुल्कराज आनंद यांच्या ‘कुली’तून. आनंद यांचा जन्म १९०५ मध्ये पेशावरला झाला. वडील तांबट घराण्यातले, पुढे लष्करात नोकरीला. मुलगा लंडनला गेला, तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवली आणि १९३५ मध्ये ‘अनटचेबल’ लिहून प्रसिद्ध झाला. ‘कुली’ ही त्याच्या पुढच्याच वर्षीची. (जॉर्ज ऑर्वेल त्याच १९३६ साली विगानच्या कोळसा खाणींकडे गेला होता. पुढे युद्धकाळात हे दोघे बीबीसीच्या पूर्वेकडील विभागात एकत्र काम करीत होते.)

‘कुली’चा नायक मुन्नू हा कांगड्याच्या डोंगरातला पोरका मुलगा. आधी घरगडी, मग लोणच्याच्या कारखान्यात, मग बाजारात हमाल, आणि शेवटी मुंबईच्या कापडगिरणीत. शेवटी म्हणजे मृत्यूपूर्वीचा एक टप्पा. कारण मुन्नू मरतो तो सिमल्यात रिक्षा ओढता ओढता, क्षयाने. तोवर तो पुरता तरुणही झालेला नसतो.

गिरणीची पाने या कादंबरीचा कणा आहेत. फोरमन नोकरी देतो आणि त्याची दस्तुरी घेतो, व्याजाने पैसे देतो, स्वतःची झोपडी भाड्याने लावतो. हे कादंबरीकाराचे अतिरंजन वाटेल, पण मुंबईच्या गिरण्यांत जॉबर किंवा मुकादम नावाचा माणूस खरोखरच असे सगळे हाती ठेवून होता. कामावर घेणे, काढणे, उसनवारी, कधी खोली मिळवून देणे. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुंबईच्या कामगारवर्गावरील इंग्रजी ग्रंथात या जॉबरचे बारकाईने विश्लेषण आहे आणि त्याची सत्ताही किती परावलंबी होती, हे दाखवले आहे: नाक्यावर, चाळीत, गाववाल्यांत मान नसेल तर जॉबरला माणसे मिळत नसत. आनंद यांच्या कादंबरीतला फोरमन मात्र सर्वशक्तिमान आहे. तो वरून खाली येणारा जुलूम आहे. त्याला नाक्याची भीती नाही.

‘कुली’त संपाची सभा भरते आणि मुले पळवली जात असल्याची अफवा पसरते. क्षणात संप बाजूला राहतो आणि हिंदू–मुसलमान दंगल पेटते. हा प्रसंगही हवेतून आलेला नाही. फेब्रुवारी १९२९ मध्ये मुंबईत अगदी अशीच दंगल झाली होती. पठाण मुले पळवतात अशी अफवा उठली होती, आणि तिच्या मागे तेल कंपनीच्या संपात पठाणांना बदली मजूर म्हणून आणल्याचा राग होता.

त्या दंगलीच्या अलीकडे काय होते, हे पाहिले म्हणजे कादंबरीत काय सुटले ते कळते.

अलीकडे होता १९२८ चा सार्वत्रिक संप. एप्रिलच्या अखेरीस सुरू झाला, ऑक्टोबरच्या आरंभी मिटला. दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने बाहेर राहिले. एका साचेवाल्याकडे दोन साचे असत, ते वाढवण्याचा मालकांचा बेत हे एक मुख्य कारण. (साचा म्हणजे माग. गिरणीची भाषा शब्दकोशातल्या भाषेपेक्षा वेगळी होती.) याच संपात गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, जन्माला आली. पुढच्या मार्चमध्ये डांगे आणि इतर पुढारी मीरत खटल्यात पकडले गेले.

सहा महिने पगाराविना एवढे लोक कसे राहिले? उत्तर गावात आहे. रत्नागिरी, सातारा, पुणे, कोल्हापूर या भागांतून आलेल्या या माणसांचे अर्धे कुटुंब गावाकडे असे. संप लांबला की गडी गावी जाई, भातलावणी करी, परत येई. मुंबईत गाववाल्यांनी मिळून घेतलेल्या बैठकीच्या खोल्या असत. एका खोलीत पाळीपाळीने वीस-पंचवीस जण झोपत. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा होई. जेवण खानावळीत, आणि खानावळ चालवणारी बाई बहुधा एखाद्या कामगाराचीच बायको किंवा विधवा. ती उधारीवर जेवू घालीत असे म्हणून संप टिकत असे. ‘कुली’मधला मुन्नू एकटा आहे. त्याचा मित्र रतन हा पहिलवानही उत्तरेकडचा. त्यांना गाव परत बोलावीत नाही. आनंद यांना जगातल्या कोणत्याही पोरक्या मजुराची गोष्ट सांगायची होती आणि ती त्यांनी थोर ताकदीने सांगितली. पण गिरणगावाला ज्या गोष्टींनी तगवले, त्या या पुस्तकात सापडत नाहीत.

मराठीत हे काम ‘कुली’च्या तीन वर्षे आधी सुरू झाले होते. मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ १९३३ ची, म्हणजे ‘लव्ह ऑन द डोल’च्याच सालची. ‘सोन्याचा कळस’ हे त्यांचे नाटकही गिरणीच्याच विश्वातले. वरेरकर कोकणातले, पोस्टखात्यात नोकरी केलेले, रंगभूमीवर मुरलेले. तेही बाहेरचेच, पण त्यांच्या कामगारांची बोली आणि गाव त्यांना ठाऊक होते. त्या काळच्या मराठी कादंबरीत प्राध्यापक, डॉक्टर, वकील यांची वर्दळ होती. तिथे साचेखात्याचा आवाज नेऊन ठेवणे हे धाडस होते.

आणि धोटा या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे.

मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारी लाकडी होडी म्हणजे धोटा. त्यातली कांडी संपली की नवी बसवायची आणि धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढायचे. ते हाताने निघत नसे. ओठ लावून ओढून घ्यावे लागे. एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागे. म्हणून सवर्ण साचेवाले अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना विणकामाच्या खात्यात येऊ देत नसत. हे खाते गिरणीत चांगल्या पगाराचे. त्यामुळे दलित कामगार कमी मजुरीच्या खात्यांत अडकून राही.

डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. सगळ्या कामगारांची एकजूट मागायची असेल तर हे दार उघडा, असा त्याचा आशय. एकीकडे तांबडे निशाण, दुसरीकडे धोट्याचा विटाळ. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी कायमचे वैर धरले असा नव्हे: ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या एक दिवसाच्या संपात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले होते.

परंतु साहित्यात ही गाठ सुटायला वेळ लागला. कामगार हा एकच एकसंध माणूस आहे, ही कल्पना इंग्रजी कादंबरीतून आली तशी मार्क्सवादी पुस्तिकांतूनही आली. बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ मध्ये आला. शीर्षककथेतला निवेदक रेल्वेत कामाला लागतो, त्याला सहकारी मान देतात, कामगारांच्या उद्याच्या राज्याच्या गोष्टी होतात. आणि जात कळताच तेच हात त्याच्यावर उठतात. कामगारकथेत इतके उघड दुसऱ्या कोणी क्वचितच लिहिले असेल. हा संग्रह जेरी पिंटो यांच्या अनुवादाने इंग्रजीत गेला तो २०१८ मध्ये. पंचावन्न वर्षांनी.

आता स्वतः लिहिणाऱ्यांकडे.

मराठी कामगाराची पहिली लेखणी वृत्तपत्राची होती. नारायण मेघाजी लोखंडे हे गिरणीत भांडारपाल म्हणून काम केलेले सत्यशोधक. ‘दीनबंधु’च्या पानांतून त्यांनी गिरणीतल्या हालांची गाऱ्हाणी मांडली, १८८४ मध्ये कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. त्या वेळी हे लेखन कोणी साहित्य मानले नाही. आजही अभ्यासक्रमात ते साहित्य म्हणून येत नाही, हे नवलच.

दुसरी लेखणी शाहिराची. अण्णाभाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावचा. शाळा जवळजवळ नाहीच. मुंबईत हमाली, गिरणीकाम, मिळेल ते. १९४४ मध्ये अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत पोवाडा, लावणी, वग यांतूनच पोहोचता येत होते. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत घरोघरी गेली. वरवर ती विरहाची रचना आहे, पण विरह आहे तो बायकोला गावी ठेवून मुंबईत आलेल्या गड्याचा. मुन्नूच्या पुस्तकात जे गाव नाही, ते इथे शीर्षकातच उभे आहे.

तिसरी लेखणी नारायण सुर्वे यांची. अर्भकावस्थेत टाकून दिलेले हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने घरी नेले आणि आपले नाव दिले. नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केले, शाळेत शिपाई झाले, मग त्याच क्षेत्रात शिक्षक. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ मध्ये आला, ‘माझे विद्यापीठ’ १९६६ मध्ये. १९९५ मध्ये ते परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. उत्तरायुष्यात नेरळला राहिले. पनवेलहून माथेरानचा डोंगर ओलांडला की पलीकडे नेरळ.

सुर्वे यांच्या कवितेतला कामगार दयेची अपेक्षा करीत नाही. तो भाड्याचा हिशेब करतो, मुलाला शाळेत घालतो, वाद घालतो, चुकतो, प्रेम करतो. मुन्नूविषयी वाचकाला कळवळा येतो. सुर्वे यांच्या माणसाशी वाचकाला बोलावेसे वाटते, क्वचित भांडावेसेही वाटते.

तर हिशेब असा: ‘धावता धोटा’ १९३३, ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२. पाहुण्याकडून घरच्या माणसाकडे यायला मराठीला तीस वर्षेही लागली नाहीत, आणि शाहिरांचे गाणे धरले तर दहाच. इंग्रजीला याच्या दुपटीहून अधिक काळ लागला होता. कारण सरळ आहे. मराठीत कामगाराच्या हाताशी पोवाड्याची आणि तमाशाची परंपरा होती. छापखान्याची वाट पाहावी लागली नाही.

बायकांचे लेखन त्याहून विरळ. वाइंडिंग खात्यात हजारो बायका होत्या, संपात पुढे होत्या. पार्वतीबाई भोर या कामगार कार्यकर्त्या. ‘एका रणरागिणीची हकीकत’ हे त्यांचे आत्मकथन पद्माकर चितळे यांनी शब्दांकित केले. सांगणारी बाई, लिहिणारा पुरुष. पण पुस्तक झाले आणि टिकले. या धाग्यातले एकच पुस्तक शोधून वाचायचे असेल तर ते हे असावे.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार. हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. या वेळी गावही सगळ्यांना तारू शकले नाही. कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले, जमीन उरली.

(त्याच काळात पनवेल–उरणमध्ये वेगळेच रण पेटले होते. नव्या मुंबईसाठी सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे होते. जानेवारी १९८४ च्या गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण आले. दि. बा. ज्या पक्षाचे, त्याचे नाव शेतकरी कामगार पक्ष. नावातले दोन्ही शब्द एकाच दशकात, खाडीच्या दोन बाजूंना, जमिनीच्याच प्रश्नावर येऊन थांबले होते.)

संपानंतरचे घर मराठी रंगभूमीने दाखवले. जयंत पवार यांचे ‘अधांतर’ १९९७ मधले. लालबागच्या चाळीतले धुरी कुटुंब, बाप नाही, आई घर रेटते, एक मुलगा टोळीकडे ओढला जातो आणि थोरला लेखक होऊ पाहतो. तो लेखक होऊ पाहणारा मुलगा हे या नाटकातले सर्वांत निर्दय पात्र आहे. कामगाराची कहाणी लिहून घरात तांदूळ येतात का, हा प्रश्न पवारांनी त्याच्या निमित्ताने आपल्याच जातकुळीला विचारला. पुढे यावरून ‘लालबाग परळ’ हा चित्रपट निघाला.

इंग्रजीत या काळाचे सर्वांत मोलाचे पुस्तक कादंबरी नाही. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचा ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ हा २००४ चा मौखिक इतिहास, शंभर गिरणगावकरांच्या तोंडून. जॉबर, खानावळवाली, शाहीर, कार्यकर्ता, दादा, सगळे आपापल्या आवाजात बोलतात. ‘कुली’नंतर अडुसष्ट वर्षांनी इंग्रजी पुस्तकात गिरणगावच्या माणसाला प्रथम पुरुषी एकवचन मिळाले. तोवर बहुतेक गिरण्यांचे साचे भंगारात गेले होते.

जमिनीचे पुढे काय झाले ते थोडक्यात. मुंबईत गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने तिचे तीन वाटे ठरवले: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या रिकाम्या जागेची करायची, असे ठरले. आवारात बहुतेक जागा बांधलेलीच होती. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम ग्राह्य मानला. कामगारांच्या घरांसाठी मुंबईत जागा तुटपुंजी उरली. अर्ज आले पावणेदोन लाखांच्या आसपास. २०१२ च्या पहिल्या सोडतीत घरे होती ६,९२५.

म्हणून कोन. तिथल्या इमारती मुळात एमएमआरडीएच्या भाडेतत्त्वावरील घरांच्या योजनेतल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची. दोन जोडून ३२० चौरस फुटांचे एक घर केले. सोडत लागली तरी ताबा लांबत गेला, आणि २०२० मध्ये कोविडच्या साथीत याच इमारती विलगीकरण केंद्र झाल्या. नंतर दुरुस्तीचा प्रश्न आला. सोडतीत नाव लागलेल्यांपैकी अनेकांचे वय तेव्हा सत्तरीच्या पुढे गेले होते.

या घरांसाठी अर्ज करताना कामगाराला आपण कामगार होतो हे कागदावर दाखवावे लागते. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर तो गिरणीच्या पटावर असला पाहिजे. त्यासाठी चालतात ते कागद असे: गिरणीचे ओळखपत्र, तिकीट नंबर, हजेरीपट, राज्य विमा योजनेचे कार्ड, भविष्य निर्वाह निधीची पावती, सेवा प्रमाणपत्र. कायम कामगाराच्या ट्रंकेत यातले काही ना काही सापडते. बदली कामगार मात्र रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राही. आत घेतले तर काम, नाहीतर परत. ज्या दिवशी तो दारातूनच परतला, त्या दिवसाची हजेरी कोणत्याही पटावर नाही.